तूप पिण्याआधी रक्त तपासून घ्या

पावसाळा सरला, ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागले की जळगाव आणि धुळ्यात पंचकर्माचे फलक लागतात. रिक्षाच्या मागे, मेडिकलच्या दारात, बसस्टँडच्या भिंतीवर. 'शरद ऋतूतील विरेचन', 'आतून शुद्धी', 'सात दिवस औषधी तूप'. पूर्वी हा खर्च बंगल्यातल्या लोकांचा असायचा. आता आपल्या वस्त्यांतल्या शिक्षक, रेल्वे कर्मचारी, अंगणवाडी सेविका यांच्याही घरात त्याची चर्चा असते. धुळ्यातल्या एका वस्तीत रक्तदाब तपासत असताना एक माउली आम्हाला विचारू लागल्या, "जयभीम ताई. तूप पिईसन साखर उतरस का व?" त्यांच्या पिशवीत तुपाची बाटली होती आणि मधुमेहाच्या गोळ्या चार दिवसांपासून बंद होत्या. गोळ्या बंद करा असे त्यांना कोणत्याही वैद्यांनी सांगितले नव्हते. ज्यांनी तूप घेतले होते त्या शेजारणीने सांगितले होते.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. शिक्षणाने आम्ही परिचारिका, आयुर्वेदाच्या पदवीधर नाही. पण तूप पिऊन बरे वाटलेले लोक आम्ही पाहिले आहेत, आणि तूप पिऊन सलाइनवर आलेलेही पाहिले आहेत.

आधी हा प्रकार नेमका काय ते समजून घेऊ. आयुर्वेदात त्याला स्नेहपान म्हणतात. स्नेह म्हणजे तेल-तुपासारखा स्निग्ध पदार्थ. पंचकर्मातले वमन (उलटी करवणे) किंवा विरेचन (जुलाब करवणे) करण्याआधी शरीर 'सैल' करायचे, यासाठी औषधी तूप प्यायला देतात. पहाटे, उपाशीपोटी, वरून गरम पाणी. पहिल्या दिवशी साधारण ३० मिलिलिटर, मग पचन बघून रोज वाढवत जायचे. कुणाला तीन दिवस पुरतात, कुणाला सात. सातच्या पुढे जायचे नाही, असा जुना नियम आहे. शेवटच्या दिवसांत मात्रा दीडशे-दोनशे मिलिलिटरपर्यंतही जाते. शौचाला तेलकट होऊ लागले, कातडी मऊ झाली, तुपाचा वासही नकोसा झाला की वैद्य थांबवतात. मग दोन-तीन दिवस अंगाला तेल, वाफ, आणि त्यानंतर जुलाबाचे औषध. जुलाब झाल्यावर लगेच वरण-भात-पोळी नाही. आधी पेज, मग घट्ट भात, मग मुगाचे कढण, असे तीन ते सात दिवस चढत जायचे. सगळे धरले तर दहा ते अठरा दिवसांचे काम.

औषधी तूप म्हणजे तुपात पावडर ढवळली असे नव्हे. एक भाग वनस्पतींचा वाटलेला गोळा, चार भाग तूप, सोळा भाग पाणी किंवा काढा, असे मंद आचेवर तासन् तास शिजवतात. पाणी आटले की नाही हे बघायची रीत आम्हाला फार आवडली. गोळ्याची बोटांत वात वळली पाहिजे आणि ती विस्तवावर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, ते तूप टिकणार नाही. त्वचेच्या आजारात देतात त्या पंचतिक्त घृतात कडुनिंब, कडू पडवळ, गुळवेल, अडुळसा आणि भुईरिंगणी असते. कडू म्हणजे किती कडू, हे पिणाऱ्यालाच विचारा.

आता आपल्या चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, हे सगळे बामणी थोतांड, याकडे बघायचेच नाही. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. तुपाच्या औषधाची जुनी आणि तपशीलवार वर्णने आपल्याच विनयपिटकात आहेत. महावग्गात भिक्खूंच्या औषधांचे प्रकरण आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, पेज पोटात ठरेना, अन्न उलटू लागले, अंग पिवळे पडले, शिरा दिसू लागल्या. तेव्हा तथागतांनी पाच औषधांची परवानगी दिली: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. पुढे साठेबाजी होऊ नये म्हणून ती सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत असा नियमही घातला.

त्याच ग्रंथात जीवकाची गोष्ट आहे. राजगृहाच्या सालवती गणिकेने जन्मताच उकिरड्यावर टाकून दिलेले मूल. राजपुत्र अभयाने ते उचलले, वाढवले. मोठेपणी तो तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूने परीक्षा घेतली: एका योजनाच्या परिसरात औषधी नसलेले काही सापडले तर आण. जीवक रिकाम्या हाताने परत आला, आणि पास झाला. साकेतच्या एका श्रेष्ठीच्या पत्नीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने औषधांत शिजवलेले तूप नाकात घालून बरी केली. तोंडातून बाहेर पडलेले तूप त्या बाईने दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले, तेव्हा जीवकाला वाटले, ही इतकी कंजूष, माझी फी काय देणार! बाई म्हणाल्या, हे पाय चोळायला, दिव्याला उपयोगी पडेल. फी मात्र त्यांनी भरभरून दिली.

उज्जैनीच्या राजा पज्जोताला पांडुरोग झाला होता आणि तुपाची त्याला भयंकर किळस होती. जीवकाने तूप असे शिजवले की त्याचा रंग, वास, चव काढ्यासारखी झाली. राजाला ते पाजले आणि स्वतः हत्तिणीवर बसून पळ काढला. राजाला उलटी झाली, तो संतापला, माणूस मागे पाठवला. पण बराही झाला. गोष्ट रंगतदार आहे, तरी आजच्या हिशोबाने एक नोंदवायला हवे: रुग्णाला न सांगता औषध पाजणे आज चालत नाही. काय देता, का देता, त्रास काय होऊ शकतो, हे ऐकून घेण्याचा हक्क राजाला होता तेवढाच आपल्यालाही आहे.

आणि तथागतांना स्वतःला विरेचन घ्यायचे होते तेव्हा जीवकाने आनंदाला काय सांगितले? आधी काही दिवस शरीराला स्नेहन करा. म्हणजे आजच्या पंचकर्म केंद्रात जो क्रम आहे, तोच. त्यानंतर त्याने नेहमीचे जोरकस औषध दिले नाही. औषधाने भावित केलेली मूठभर कमळे हुंगायला दिली, तीन वेळा. रुग्ण कोण आहे, त्याला किती झेपेल, हे बघून औषध सौम्य केले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेचा भाग आहे, तो पुन्हा काढून वाचावा.

हे सगळे मगधातले, असेही नाही. चाळीसगावहून गौताळ्याच्या डोंगरात गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. आपल्या सहली अजिंठ्याला जातात आणि पितळखोरा राहून जातो. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यात एक राजवैद्य आहे, वच्छीचा मुलगा मगिल. त्याच्या मुलीचे, दत्तेचे, नाव आहे, मुलाचेही आहे. खानदेशाच्या उंबरठ्यावर एक वैद्य आपल्या लेकीसह भिक्खू संघाला दान देत होता. त्यामुळे हे ज्ञान कुणा एका वर्णाच्या मालकीचे आहे, असे कुणी सांगितले तर पितळखोऱ्याचे नाव घ्या.

तुपाची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक असली पाहिजे. १९३६ साली जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या लोकांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. जेवण चालू असताना सवर्ण लाठ्या घेऊन आले. अन्न नासवले, जेवणाऱ्यांना मारले. गुन्हा काय, तर अस्पृश्यांनी तूप खाल्ले. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही घटना नोंदवून ठेवली आहे. ज्यांच्या आज्यांना तुपाची धार पानात घ्यायची चोरी होती, त्यांच्या नातींना आज पैसे मोजून पेलाभर तूप प्यावेसे वाटले तर आम्ही नाके मुरडणार नाही. पण ते आपल्या शरीराला झेपेल का, हे विचारणार.

शरीरात काय होते ते बघू. दीडशे मिलिलिटर तूप म्हणजे सुमारे १२०० कॅलरी, जवळपास साडेतीन मोठ्या भाकऱ्यांइतके इंधन, आणि ते सगळे चरबीच्या रूपात, एकाच घोटात. चरबी आतड्यात उतरली की पित्ताशय आकसून पित्त बाहेर टाकते. पित्ताशयात खडे असतील तर त्यातला एखादा तोंडाशी अडकतो आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ येते की माणूस लोळतो. ज्यांचे ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असते त्यांच्यात एवढ्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आणि तो आजार जीवघेणा ठरू शकतो. चरबी पचनाच्या पलीकडे गेली की उरलेली शौचावाटे बाहेर पडते. तेलकट शौच दिसले म्हणजे 'विष निघाले' असे सांगतात. ते मुख्यतः न पचलेले तूपच असते. रक्तातला कचरा काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतच असतात. पंचकर्मानंतर अनेकांना हलके वाटते, भूक नीट लागते, खाज कमी होते, हे आम्ही नाकारत नाही. दोन आठवडे चहा, तळण, दारू, तंबाखू बंद, वेळेवर झोप, गरम हलके जेवण, हेही त्यात असते. तुपाचा वाटा किती आणि या शिस्तीचा किती, हे वेगळे करून दाखवणारे मोठे, भक्कम अभ्यास आमच्या वाचनात नाहीत.

मधुमेहाचे सांगायचे तर तूप साखर उतरवत नाही. इन्सुलिन किंवा साखर वेगाने खाली आणणाऱ्या गोळ्या चालू ठेवून तूप पचेपर्यंत दुपारपर्यंत उपाशी राहिले तर साखर एकदम घसरते. घाम, थरथर, चक्कर, कधी बेशुद्धी. गोळ्या मनाने बंद केल्या तर ती चढते. दोन्ही वाटा वाईट. विरेचनाच्या दिवशी दहा-वीस जुलाब होऊन पाणी आणि क्षार निघून जातात. त्या दिवशी रक्तदाबाची 'लघवीची गोळी' पोटात असेल, किंवा मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील, तर क्रिएटिनिन वाढलेला रिपोर्ट हातात यायला वेळ लागत नाही. म्हणून गोळ्यांचे वेळापत्रक तुमचे नेहमीचे डॉक्टर आणि पंचकर्म करणारे वैद्य या दोघांना विचारून, कागदावर लिहून घ्यावे.

आमच्या मनात सर्वात जास्त काळजी आहे ती सिकलसेलची. धुळे-नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे, हे सगळ्यांना माहीत असते. विदर्भातल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणात आहे, हे मात्र आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. भुसावळची रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि अकोला-बुलढाण्याकडची सोयरीक. आपली घरे विदर्भाशी जोडलेली आहेत. हा आजार आईवडिलांकडून येतो. दोघांकडून दोष आला तर रुग्ण, एकाकडून आला तर वाहक. रुग्णाच्या लाल पेशी अंगातले पाणी कमी झाले, प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना.

आता विचार करा, अशा माणसाला मुद्दाम वीस जुलाब करवले तर?

एकोणीस वर्षांची एक मुलगी, आजोळ अकोल्याकडचे. लहानपणापासून सांधे दुखायचे, अधूनमधून डोळे पिवळे व्हायचे. घरचे म्हणायचे वात आहे, कावीळ आहे. एका केंद्रात तिला सहा दिवस तूप देऊन विरेचन केले. हिमोग्लोबिनसुद्धा पाहिले नव्हते. त्या रात्री तिच्या मांड्या आणि छाती अशी दुखू लागली की तिला उचलून आणावे लागले. सलाइन, प्राणवायू, वेदनाशामक, मग रक्त. एचपीएलसी तपासणीचा कागद आला तेव्हा पहिल्यांदा घराला कळले की मुलीला सिकलसेल आहे. ती वाचली. आज ती हायड्रॉक्सियुरिया घेते, पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करते. पण एकोणीस वर्षे 'वात' म्हणून काढली, आणि निदान झाले ते जुलाबानंतर.

जुन्या वैद्यकालाही सरसकट तूप मान्य नव्हते. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय स्नेहावरच आहे. ज्यांच्यात मेद आणि कफ वाढला आहे, ज्यांची भूक मंदावली आहे, गर्भवती, अशक्त, उलट्या होणारे, ज्यांना तुपाची किळस आहे, अशांना स्नेहपान देऊ नये असे तिथे सांगितले आहे. म्हणजे पोट सुटलेल्या माणसाला 'चरबी वितळवायला' तूप पाजणारा आधुनिक वैद्यकाच्या विरोधात तर जातोच, चरकाच्याही विरोधात जातो. उन्हाळ्यात शोधन टाळावे असेही शास्त्र सांगते. तरीही मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर असताना, 'सुट्टीतले पंचकर्म' म्हणून जाहिराती येतात. त्या महिन्यात अंगातले पाणी टिकवणे हेच मोठे औषध.

शरद ऋतू विरेचनाला योग्य, हे ठीक. पण आपल्या बायाबापड्यांचा शरद म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. स्नेहपानात दुपारचे ऊन, दमणूक, गार पाणी, दिवसाची झोप, सगळे वर्ज्य. पहाटे तूप पिऊन नऊला कापसात वाकणारी बाई यातले काय पाळणार? केंद्राची फी तर जातेच, वर पंधरा दिवसांची मजुरी बुडते. ज्यांना रजा मिळते, घरात पेज करून देणारे कुणी आहे, त्यांच्यासाठी ही चिकित्सा आहे. इतरांनी ती न केल्याने काही बिघडत नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे असेल तर त्याच्या आगेमागे तीन आठवडे विरेचन ठेवू नका. रेल्वेतली गर्दी, बाहेरचे खाणे आणि नुकतेच रिकामे झालेले पोट यांचे जमत नाही.

तरीही करायचे ठरले, तर वैद्यांकडे बीएएमएस पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी आहे का ते बघा; प्रमाणपत्र भिंतीवर असतेच, नसेल तर मागा. मसाज करणारा मुलगा वैद्य नसतो. तुपाची बाटली सीलबंद, त्यावर कंपनी, परवाना क्रमांक आणि मुदत असलेली हवी. आधी हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, चरबीचा रिपोर्ट आणि पित्ताशयासाठी सोनोग्राफी करून घ्या, आणि सिकलसेल कधीच तपासले नसेल तर तेही. या तपासण्या सांगितल्यावर जो वैद्य चिडतो त्याच्याकडून उठून या. चांगले वैद्य स्वतःच सांगतात, आणि असे वैद्य आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. विरेचन घरी एकट्याने नको. जिथे रक्तदाब बघायला माणूस आणि सलाइनची सोय आहे तिथेच.

महावग्गात चांगल्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. त्यात दोन अशी आहेत: तो हिताच्या गोष्टीतही मात्रा ओळखतो, आणि शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार खरा सांगतो. आमच्या धंद्यात दुसरे फार महत्त्वाचे. दारू घेत असाल, पाळी चुकली असेल, टीबीच्या गोळ्या चालू असतील, कुणाकडून 'वाताची पुडी' घेत असाल, तर लाज न बाळगता सांगा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हा विषयच सोडून द्यावा. लहान मुलांनाही कुणाच्या सांगण्यावरून तूप-जुलाब देऊ नका.

तूप किंवा जुलाब घेतल्यानंतर बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर न थांबणारी कळ, पाठीत जाणारी वेदना, सारखी उलटी, सहा-आठ तास लघवी न होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, शौचात रक्त, छातीत दुखणे, गोंधळून बोलणे, यातले काहीही दिसले तर 'शुद्धी चालली आहे' म्हणून वाट बघू नका. शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट घोळून घोटघोट द्या, १०८ला फोन करा आणि दवाखान्यात गेल्याबरोबर तूप किती, किती दिवस, जुलाबाचे कोणते औषध, हे सांगा. तुपाची बाटली आणि औषधाचे पाकीट सोबत न्या. लोक ओरडा बसेल म्हणून लपवतात आणि डॉक्टर दुसऱ्याच कारणाच्या मागे लागतात.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. सरकारी दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी साधी सोल्युबिलिटी तपासणी होते, त्यात काही आढळले तर पुढची एचपीएलसी, आणि पैसे लागत नाहीत. जायचे ते फक्त विदर्भातून आलेल्या सुनेने नव्हे. तिच्या नवऱ्याने, दिरांनी, नणंदांनी, आणि लग्नाची बोलणी चालू असलेल्या प्रत्येक मुलामुलीने. कागद मिळाला की त्याची झेरॉक्स आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत ठेवा.